लहान मुलांकडून गेम टेस्ट करून घ्यावा का?

प्रश्न असा आलाय की वारज्यातले तिघं मित्र मिळून दुसरी ते चौथीच्या मुलांसाठी अंकगणिताचा एक मराठी मोबाईल गेम बनवतायत, टेस्टर ठेवण्याएवढे पैसे हातात नाहीत आणि सोसायटीत पोरं ढीगभर, सगळी सुट्टी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली असतात, तर त्यांच्याकडूनच टेस्टिंग करून घेतलं तर काय बिघडलं, तशीही पोरं कुठलीही बटणं कशीही दाबतात म्हणजे बग आपोआपच सापडतील. आणि एका आईने विचारलंय की तिचा मुलगा सहावीत आहे, प्रत्येक गेममधल्या चुका बरोब्बर काढतो, तर त्याला आत्तापासून गेम टेस्टर म्हणून काही काम मिळेल का. दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेत म्हणून एकत्रच लिहिते. मी पुण्यात बाणेरला मोबाईल गेम्सच्या क्यूएमध्ये, म्हणजे गेम बाजारात जायच्या आधी तपासणाऱ्या विभागात आहे, बरीच वर्षं झाली, आणि त्यातला मोठा भाग लहान मुलांच्या गेम्सचाच आहे.

तिघांना आधी सांगते, मुलांना बोलवा, नक्की बोलवा, मुलांसाठीचा गेम मुलांच्या हातात न देता बाजारात आणणं मला पटतच नाही. फक्त त्यांना टेस्टर समजू नका. मूल बग करून दाखवतं, पण बग नेमका काय आहे हे सांगत नाही. ते शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने बघायचं, लिहायचं आणि पुन्हा करून बघायचं असतं. तो मोठा माणूस नसेल तर वीस मुलं जमवलीत तरी संध्याकाळी हातात काही राहत नाही, सगळी "मस्त आहे गेम" म्हणून खाली खेळायला पळतात.

आपण टेस्टिंग टेस्टिंग म्हणतो त्यात दोन वेगळी कामं मिसळलेली असतात. एक क्यूए. नवीन बिल्ड, म्हणजे गेमची ताजी आवृत्ती आली की आधी स्मोक टेस्ट, म्हणजे गेम उघडतो का, लेव्हल चालू होते का, सेव्ह होतं का एवढंच बघायचं, मग टेस्ट केसेसची शीट, म्हणजे काय काय तपासायचं त्याची यादी घेऊन एकेक ओळ तपासायची, मग मागच्या आठवड्यात फिक्स झालेले बग खरंच गेले का आणि ते फिक्स करताना दुसरं काही मोडलं का ते बघायचं, आणि हे सगळं वेगवेगळ्या फोनवर, २ जीबी रॅमचा जुना फोन, स्टोरेज गच्च भरलेला फोन, बॅटरी सेव्हर लावलेला फोन, टॅबलेट. मधेच कॉल आला तर काय, मधेच नेट गेलं तर काय. एकच लेव्हल दिवसात तीस-चाळीस वेळा खेळायची आणि शेवटच्या वेळीही पहिल्याएवढंच लक्ष ठेवायचं. हे नऊ वर्षांच्या मुलाला जमणार नाही, आणि जमत असलं तरी करायला लावू नये. दुसरं काम म्हणजे प्लेटेस्ट. ज्याच्यासाठी गेम केलाय त्याला तो कळतो का, कुठे अडतो, कुठे कंटाळतो, कुठे पुन्हा खेळावासा वाटतो. इथे मात्र मुलांना पर्यायच नाही, आपण कितीही अनुभवी असलो तरी सात वर्षांच्या मुलाची बोटं आणि सात वर्षांच्या मुलाचं अडखळत वाचणं आपल्याकडे येणार नाही.

फरक नीट कळावा म्हणून एक प्रसंग सांगते. कर्वेनगरमध्ये एका घरी सेशन चालू होतं, तिसरीतली मुलगी, आकड्यांचे फुगे फोडायचा गेम, फोन आईचा. लेव्हल संपली, "पुढे" असं बटण आलं, तिने दाबलं, लगेच काही झालं नाही म्हणून परत दाबलं, परत, परत. मग पुढची लेव्हल आली ती एकावर एक अशी दोनदा आली, गाणं दोन आवाजात वाजायला लागलं, निम्मे फुगे फुटेचनात. ती म्हणाली "काकू, हा हँग झाला" आणि होम बटण दाबून मोकळी. तिच्याकडून मिळालेली माहिती एवढीच. माझ्या टीममधल्या टेस्टरने ऑफिसला येऊन त्यावर जो रिपोर्ट लिहिला तो साधारण असा होता: "लेव्हल ३ संपल्यावर लोडिंग स्क्रीन यायच्या आत 'पुढे' बटण दोन किंवा जास्त वेळा दाबलं तर लेव्हल ४ दोनदा लोड होते. अँड्रॉइड ११, ३ जीबी रॅम, पाचपैकी चार वेळा. ६ जीबीच्या फोनवर होत नाही. अपेक्षित: पहिल्या टॅपनंतर बटण बंद व्हावं. प्रत्यक्षात: संगीत डबल, फुगे दुप्पट, जुन्या लेव्हलचे फुगे टॅप घेत नाहीत." सोबत व्हिडिओ आणि लॉग, म्हणजे गेमने आपोआप केलेली नोंद. डेव्हलपरला यावरून काय करायचं ते वाचता वाचता कळलं, पहिल्या टॅपला बटण डिसेबल करायचं, संपलं. "हँग झाला" एवढ्यावरून त्याला दोन दिवसांतही कळलं नसतं. पण हेही खरं की आमच्यापैकी कुणी ते बटण तसं दाबलंच नव्हतं, कारण लोड व्हायला वेळ लागतो हे आम्हाला माहीत आणि आम्ही निवांत थांबतो. मुलगी नसती तर बग सापडला नसता, टेस्टर नसता तर तो फिक्स झाला नसता.

"हँग" सारखाच दुसरा शब्द म्हणजे "लॅग", पोरांच्या तोंडी हा सतत असतो. फ्रेम ड्रॉप झाले, म्हणजे मधली चित्रं गळाली तरी लॅग, नेटचा पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ वाढला तरी लॅग, लोडिंग लांबलं तरी लॅग, आणि कॅरेक्टरची उडी मुद्दाम सावकाश ठेवली असेल तरी लॅगच. या चारही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यावर काम करणारी माणसंही वेगळी असतात. ६० एफपीएसला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवताना, एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात काम आटपलं नाही की हालचाल तुटक दिसते, आणि तुमचा गेम ऑफलाइन असेल तर पिंगचा काही संबंधच नाही. म्हणून मूल लॅग म्हणालं की लगेच "कुठे, दाखव" म्हणायचं. दाखवताना ते तीच गोष्ट परत करतं आणि तिथे तुम्हाला खरं काय ते दिसतं.

आता तुमचं ते म्हणणं, की पोरं कशीही बटणं दाबतात म्हणून चांगली टेस्टर. कशीही बटणं दाबायची असतील तर त्याला पोरं लागतच नाहीत, कॉम्प्युटर ते काम जास्त चांगलं करतो. १९८३ मध्ये मॅकिंटॉशवर काम करणाऱ्या स्टीव्ह कॅप्सने "मंकी" नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, तो आपला आपण माऊस हलवायचा, टायपिंग करायचा, आणि मॅकपेंट, मॅकराइट हे चित्रांचे आणि लिखाणाचे प्रोग्रॅम क्रॅश होतात का ते त्यातून कळायचं. अँड्रॉइडच्या डेव्हलपर टूल्समध्ये आजही मंकी नावाचंच टूल आहे, फुकट आहे, एक कमांड दिली की हजारो टॅप-स्वाइप मारत बसतं, आणि तोच सीड नंबर, म्हणजे सुरुवातीला दिलेला आकडा, परत दिला की टॅपचा तोच क्रम परत मिळतो. हे आज रात्रीच लावून झोपा, सकाळी दोन-चार क्रॅश हातात असतील.

मूल असं दाबत नाही. मूल विचार करून दाबतं, फक्त तो विचार आपला नसतो. इथे काहीतरी होईल असं वाटतं म्हणून ते झाडावर टॅप करतं, ढगावर करतं, हत्तीच्या सोंडेवर करतं, आणि काहीच झालं नाही की त्याचा चेहरा पडतो. हे तुम्हाला कुठलंही टूल सांगणार नाही. आणि मुलांची चिकाटी आवडत्या गोष्टीत अफाट असते, अमेरिकेत ओक्लाहोमातला एक १३ वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या निन्टेंडोवरचा टेट्रिस लेव्हल १५७ पर्यंत खेळत गेला आणि शेवटी गेमच गोठला, माणसाने तिथपर्यंत पोचायची ती पहिलीच वेळ. पण ते त्याच्या मनाने, त्याच्या आवडीच्या गेमवर केलेलं. तुमच्या तिसऱ्या बिल्डमधली सेटिंग्जची स्क्रीन तो तेवढ्या प्रेमाने तपासेल असं समजू नका.

मुलांनी बग पकडल्याच्या ज्या गोष्टी लोक सांगतात त्या खऱ्या आहेत, फक्त पूर्ण सांगत नाहीत. २०१४ ची गोष्ट, सॅन डिएगोतला पाच वर्षांचा मुलगा एक्सबॉक्स लाइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन गेमसेवेतल्या वडिलांच्या अकाउंटमध्ये पासवर्डशिवाय शिरला. आधी चुकीचा पासवर्ड टाकला, मग जी पडताळणीची दुसरी स्क्रीन आली तिथे नुसत्या स्पेस मारून एंटर केलं की आत. मायक्रोसॉफ्टने त्याचं नाव सिक्युरिटी रिसर्चर्सच्या यादीत टाकलं, गेम्स दिले, ५० डॉलर दिले. पण त्याचे वडील कॉम्प्युटर सिक्युरिटीतच कामाला होते, त्यांनी ते बघितलं, समजून घेतलं आणि कळवलं. जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स मिंट या कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं लॉक स्क्रीन एका घरातल्या मुलांनी खरा कीबोर्ड आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड एकदमच बडवून पाडलं, तिथेही वडिलांनी त्यांना परत करायला सांगितलं, परत झालं, मग रिपोर्ट टाकला. आणि २०१९ मध्ये ॲरिझोनातला १४ वर्षांचा मुलगा मित्रांना फोर्टनाइट खेळायला ग्रुप फेसटाइम, म्हणजे आयफोनचा ग्रुप व्हिडिओ कॉल, लावत होता, तर समोरच्याने फोन उचलायच्या आधीच त्याच्या माइकचा आवाज ऐकू यायला लागला. त्याची आई आठवडाभर ॲपलला कळवायचा प्रयत्न करत होती, नंतर गोष्ट बाहेर फुटल्यावर ॲपलने ग्रुप फेसटाइम काही दिवस बंदच ठेवलं. तिन्ही वेळा बग मुलांना सापडला आणि कामाला लागलं ते घरातलं मोठं माणूस.

तर मग सेशन कसं घ्यायचं ते सांगते, कारण खरी मेहनत इथेच आहे.

पहिलं म्हणजे स्वतःची मुलं आणि भाचे-पुतणे यांच्यावर भागवू नका. काकाने रात्र रात्र जागून गेम केलाय हे त्यांना माहीत असतं, ती तुमच्या तोंडाकडे बघून बोलतात. शेजारच्या बिल्डिंगमधली, तुम्हाला न ओळखणारी मुलं घ्या. दुसरीतली आणि चौथीतली मुलं एकाच गटात धरू नका, दुसरीतलं मूल एक सूचना वाचेपर्यंत चौथीतलं लेव्हल संपवून बसलेलं असतं. वेबसाइट वापरायला किती सोप्या यावर काम करणाऱ्या जेकब नील्सनचं २००० सालचं प्रसिद्ध गणित आहे की पाच जणांना बसवलं तर वापरण्यातल्या जवळपास ८५ टक्के अडचणी कळतात, पण ते एकसारख्या वापरणाऱ्यांसाठी आहे, म्हणून तुम्ही प्रत्येक इयत्तेची चार-पाच मुलं घ्या आणि सगळी एकदम नको. दोन मुलं बघा, ठळक गोष्टी दुरुस्त करा, मग पुढची दोन. पहिल्या दोघांना जो दगड लागला तोच पुढच्या आठ जणांना लागू देण्यात काही मिळत नाही.

घर त्यांचं, फोनही त्यांच्या घरातलाच. हे फार महत्त्वाचं आहे. ऑफिसच्या नव्याकोऱ्या फोनवर सगळं छान चालतं, पण खरा गेम चालणार आईच्या फोनवर, ज्याचा स्क्रीनगार्ड एका कोपऱ्यात तडकलाय, वरून सोसायटीच्या ग्रुपचे मेसेज धडाधड पडतायत आणि लेव्हलच्या ऐन मध्यात आजीचा व्हिडिओ कॉल येतो. आजीशी बोलून मूल परत आलं तेव्हा गेम होता तिथेच आहे का, का पहिल्यापासून सुरू झाला, हे तुम्हाला तिथेच कळेल. वेळ शनिवारी-रविवारी सकाळची, दुसरीतल्यांना वीस मिनिटं पुरे, चौथीतल्यांना अर्धा तास. सहामाहीच्या आदल्या आठवड्यात कुणाच्या घरी जाऊ नका, आया वैतागतात आणि बरोबर आहे त्यांचं. आई-बाबा घरात हवेत पण मुलाच्या खांद्यावरून बघणारे नकोत, "अरे तिथे दाब ना, दिसत नाही का" सुरू झालं की तुमचं सेशन गेलं.

सुरुवातीलाच मुलाला सांगा की हा गेम अजून अर्धवट आहे, यात चुका आहेत, तुला जिथे अडेल तिथे गेम चुकला असं समजायचं. हे सांगितलं नाही तर आपली मुलं पेपरला बसल्यासारखी बसतात, गणिताचा गेम म्हटल्यावर तर जास्तच, आणि अडलं की गप्प होतात. मग फोन हातात द्या आणि गप्प बसा. खरंच गप्प. मूल तुमच्याकडे वळून "आता काय करायचं?" विचारेल, तेव्हा "तुला काय वाटतं?" एवढंच. खूपच रडकुंडीला आलं तर अर्थातच मदत करा, मुलाला छळून काही शिकायचं नाही, पण ती मदत कुठल्या सेकंदाला करावी लागली ते लिहून ठेवा.

बघायचं काय, तर आधी हात. टॅबलेटवर आमच्याकडे वारंवार दिसणारी गोष्ट सांगते: मूल टॅबलेट दोन्ही हातांनी कडेला धरतं आणि डाव्या हाताचा अंगठा स्क्रीनवर टेकलेला राहतो, गेमला वाटतं तोच पहिला टच, मग उजव्या हाताने मूल आकडा ओढायला जातं तर आकडा हलतच नाही. मूल अजून जोरात दाबतं, मग रडवेलं होऊन सोडून देतं. आपण मोठे टॅबलेट टेबलावर ठेवून खेळतो त्यामुळे आपल्याला हे कधीच होत नाही. उपाय साधा आहे, कडेची पट्टी टच घेणार नाही असं करायचं किंवा टेकून राहिलेला टच सोडून द्यायचा. तसंच ओढून नेऊन सोडणं हे लहान बोटांना अवघड, अर्ध्या वाटेत बोट उचललं जातं. तिथे आकडा परत पहिल्या जागी उडी मारून गेला की मुलाला वाटतं आपलं उत्तर चुकलं. आकडा होता तिथेच राहू द्या, परत उचलता येऊ द्या.

विचारायचं काय हेही नीट ठरवा. "आवडला का?" विचारू नका, उत्तर "हो"च येतं, पाहुण्यांना नाही म्हणायचं नसतं हे घरोघरी शिकवलेलं असतं. हे काही फक्त आपल्याकडचं नाही, इंग्लंडमध्ये जॅनेट रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी पाच चेहऱ्यांची पट्टी केली, रडका ते एकदम खूश, आणि त्यांनाही हेच दिसलं की लहान मुलं बहुतेक वेळा सगळ्यात हसरा चेहराच निवडतात. त्यांच्याच कामातली दुसरी पद्धत मला जास्त भरवशाची वाटते, प्रत्येक भागाबद्दल विचारायचं की हे परत खेळायचंय का: हो, नाही, बघू. मी त्याच्याही पुढे जाते, वेळ संपल्यावर सांगते की आता सेशन झालं, तुला हवं तर अजून एक लेव्हल खेळ, नाहीतर खाली जा. कोण थांबतं आणि कोण चपला घालतं त्यावरून जेवढं कळतं तेवढं कुठल्याच फॉर्मवरून कळत नाही.

एकेकट्या मुलाला मोठ्याने बोलत बोलत खेळ म्हटलं तर जमत नाही, एकतर खेळतं नाहीतर बोलतं. त्यापेक्षा एकाच वर्गातले दोन मित्र बसवा, ते आपसात भांडतात-बोलतात आणि सगळं बाहेर येतं. सख्खी भावंडं मात्र नको, मोठा फोन ओढून घेतो. अजून एक छान पद्धत म्हणजे ज्याने गेम खेळलाय त्याला नवीन आलेल्या मुलाला शिकवायला सांगायचं. "हे लाल वालं नको दाबू, त्याने मरतो" असं तो सांगतो, आणि लाल बटण तर मदतीचं असतं! त्याला गेममधून काय कळलंय ते तुम्हाला फुकट ऐकायला मिळतं.

तुमच्या गेमला आणखी एक गोष्ट आहे जी फक्त मराठी मुलांसोबतच कळेल, आकडे. मराठी माध्यमाच्या मुलाला ७ आणि ९ देवनागरीत पटकन ओळखू येतात, सेमी इंग्लिशचं मूल गणित इंग्रजीतून शिकतं, त्याला देवनागरी ६ आणि ९ मध्ये गोंधळायला होतं. आवाजात "एकोणसाठ" आलं की कितीतरी मुलं शेवटचं "साठ" ऐकून ६० वर टॅप करतात, एकोणऐंशीला तेच. आणि २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीने "वीस एक" असं वाचन आलं, त्यावर केवढा गदारोळ झाला आठवत असेल, गणित समितीच्या मंगला नारळीकरांनी तेव्हा समजावून सांगितलं होतं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना जड जातो म्हणून हा बदल आहे. मला तो मुद्दा तेव्हाही पटला होता आणि सेशनमध्ये मुलं बघून अजून पटतो. तुम्हाला गेममध्ये काय बाजू घ्यायची ते घ्या, पण कुठल्या शाळेतलं मूल कुठे अडतंय हे वेगळं लिहा, नाहीतर "मुलाला गणित येत नाही" असं तुम्ही लिहाल आणि मुलाला गणित येत असेल, फक्त तुमचा ऑडिओ कळत नसेल.

गेममध्ये जाहिरात किंवा खरेदी ठेवणार असाल तर ती स्क्रीन मुलांसोबत जरूर बघा. ॲपलच्या किड्स कॅटेगरीत खरेदी किंवा बाहेरची लिंक उघडायच्या आधी पेरेंटल गेट, म्हणजे मोठ्यांनाच पार करता येईल असा अडथळा लागतो, आणि बरेच जण तिथे एखादा गुणाकार ठेवतात. सात आठे? आपल्याकडच्या पाढे पाठ केलेल्या तिसरीतल्या मुलाला ते गेट वाटतच नाही, त्याला वाटतं हाही गेमचाच भाग आणि बरोबर उत्तर देऊन तो आनंदाने आत जातो. हा विषय हलक्यात घेऊ नका. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये एपिक गेम्सला फोर्टनाइटबद्दल ५२ कोटी डॉलर मान्य करावे लागले, त्यातले २७.५ कोटी मुलांच्या प्रायव्हसीच्या कायद्याखालचा दंड आणि २४.५ कोटी नकळत झालेल्या खरेद्यांचे रिफंड.

काही गोष्टी मुलांपुढे जायच्या आधीच मोठ्यांनी तपासलेल्या हव्यात. स्क्रीनवरचे लखलखाट त्यातली सगळ्यात महत्त्वाची. १९९७ मध्ये जपानात टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखाटाने शेकडो मुलांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं होतं. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त फ्लॅश नकोत हा ॲक्सेसिबिलिटीचा, म्हणजे सगळ्यांना वापरता यावं यासाठीचा नियम आहे, बग असलेल्या बिल्डमध्ये एखादा इफेक्ट अडकून लुकलुकत राहू शकतो, म्हणून ताजं, कुणीच न उघडलेलं बिल्ड मुलाच्या हातात कधीही द्यायचं नाही. आधी तुम्ही तिघं पूर्ण खेळा, मग द्या.

कायद्याचंही थोडं. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, १९८६ च्या कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली तेव्हापासून सगळ्याच व्यवसायांत, घरच्या धंद्यात शाळा सांभाळून केलेली मदत आणि कलाकार म्हणून काम एवढेच अपवाद. त्यामुळे "एका बगला पन्नास रुपये" असलं काही सुरू करू नका, त्याने मुलं खोटे बगही आणतात तो भाग वेगळाच. खेळायला बोलवा, जाताना रंगपेटी नाहीतर पुस्तक द्या, आणि ते सगळ्यांना सारखं, अर्ध्यात उठून गेलेल्यालाही. एनडीए, म्हणजे गेमबद्दल बाहेर बोलणार नाही असा करार, मुलाच्या सहीने होत नाही, १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञानाचा, म्हणजे १८ वर्षांखालच्याचा, करारच ग्राह्य नाही, ब्रिटिश काळात आपलं शेवटचं अपील जिथे चालायचं त्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच ते स्पष्ट केलंय, सही पालकांची घ्या. आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो, पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो आणि मुलांचं ट्रॅकिंग व त्यांना नेम धरून केलेल्या जाहिराती बंद करतो, मुलांच्या बाबतीतल्या उल्लंघनाला दंड २०० कोटींपर्यंत जातो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत, टप्प्याटप्प्याने लागू होतायत. म्हणून सेशनचा व्हिडिओ घेताना कॅमेरा हातांवर आणि स्क्रीनवर ठेवा, चेहरा नको, नाव नको, "तिसरी, मराठी माध्यम" एवढं लिहिलं की पुरतं. बिल्डमध्ये ॲनालिटिक्सचं, म्हणजे खेळणाऱ्याची माहिती गोळा करणारं, जे एसडीके (तयार कोडचा संच) टाकलंय ते नेमकं काय पाठवतं तेही आधी बघून घ्या.

आता त्या आईंना. ताई, तुमच्या मुलाला आत्ता काम मिळणार नाही आणि मिळू नये. पुण्यात हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं, युबिसॉफ्टचा इथला स्टुडिओ २००८ पासून आहे आणि त्यात टेस्टिंगचं काम बरंच होतं, सुपरगेमिंगसारख्या कंपन्या इथूनच गेम्स करतात, पण टेस्टर म्हणून घेतात ते सज्ञान माणसांना, आणि इंटरव्ह्यूत तू किती गेम खेळतोस हे शेवटी विचारतात, आधी एखादा बग लिहायला लावतात. मुलगा चुका काढतो ना, त्याला एक वही द्या. काय करत होतास, काय व्हायला हवं होतं, काय झालं, परत केलं तर परत होतं का. हे चार प्रश्न, मराठीत लिही म्हणावं, जोडीला फोन कुठला ते. बहुतेक मुलं दुसऱ्या दिवशी वही सोडतात आणि त्यात वाईट काही नाही, त्यांना खेळायचं असतं. एखाद्याला "परत होतं का" या प्रश्नाची गोडी लागते, तो मग एकच दरवाजा पन्नास वेळा उघडत बसतो, त्याच्यात टेस्टर आहे. बारा-तेराच्या पुढच्या मुलांचं मत घेताना एक लक्षात ठेवा, ती समीक्षक होतात, त्यांना मोठ्या कंपन्यांचे गेम माहीत असतात आणि प्रत्येक गोष्टीला "ग्राफिक्स भंगार आहे" म्हणून मोकळी होतात. त्यांना "तू काय केलंस ते दाखव" यावर आणावं लागतं.

तिघांनी पैशांचं असं करा. मुलांची सेशन्स तुम्ही स्वतः घ्या, त्याला चहा-खाऊ आणि रंगपेट्यांपलीकडे खर्च नाही, आणि गेम बनवणाऱ्याने मुलाला अडकताना स्वतःच्या डोळ्यांनी बघणं यासारखं काही नाही. तिघंही एकदम जाऊ नका, एक जण मुलाशेजारी, एक जण लिहायला, बस. वाचलेले पैसे रिलीजच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांसाठी एका पार्टटाइम टेस्टरला द्या, कॉलेज संपवून क्यूएमध्ये शिरू बघणारी मुलं-मुली पुण्यात भरपूर आहेत, लेखी काम नीट करणारं कुणीतरी निवडा. फोन नवे घेऊ नका, सेकंडहँड २ जीबी आणि ३ जीबीचे दोन घ्या, एक जुना टॅबलेट घ्या, आणि मुलांच्या सेशनमधून आलेली यादी त्या टेस्टरला पहिल्याच दिवशी हातात द्या.